पाण्याच्या मागे मागे: ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करताना

अमेरिकेच्या उत्तरेला, मिनेसोटात, ट्रेलर बाळगायचा म्हणजे वर्षातले जेमतेम पाच महिने तो रस्त्यावर असतो आणि उरलेले सात महिने एका जागी उभा. त्यामुळे तो गाडीमागे ओढायला शिकणं जितकं गरजेचं, तितकंच तो नीट उभा करून ठेवायला शिकणंही. आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, २४ फुटी. आत एक पलंग, जेवायचं टेबल, छोटंसं स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, आणि बटण दाबलं की बाहेर सरकणारी एक भिंत, म्हणजे स्लाइड-आउट. उन्हाळ्यात हायवे ६१ धरून लेक सुपीरियरच्या काठाकाठाने उत्तरेकडे जायचं, सकाळी तळ्यावर धुकं असताना आत गॅसवर पोहे परतायचे, हे आमच्या घराचं आवडतं सुख आहे. ते पुढच्या वर्षी पुन्हा हवं असेल तर ऑक्टोबरमध्ये दोन-चार दिवस अंग मोडून काम करावं लागतं.

यंदा या कामाकडे मी जरा जास्तच लक्ष दिलं. आम्ही दोघं दिवाळीला रत्नागिरीला जाणार आणि अक्षय तृतीयेनंतरच परतणार असं ठरलं होतं. एरवी हिवाळ्यात महिन्यातून एकदा जाऊन ट्रेलरचं दार उघडून बघता येतं. यंदा ते होणार नव्हतं. जे काही करायचं ते आधीच, आणि मागे वळून पाहावं लागणार नाही अशा बेताने.

थंडी म्हणजे किती थंडी, ते सांगते. ३० जानेवारी २०१९ रोजी मिनियापोलिसचा पारा उणे २८ फॅरनहाइटपर्यंत उतरला होता, म्हणजे उणे ३३ सेल्सियस. राज्याचा नीचांक उत्तरेतल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला नोंदला गेला, उणे ६० फॅरनहाइट. अशा थंडीत नळीत वाटीभर पाणी राहिलं तरी पुरे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, आणि त्याला फुगायला जागा नसेल तर ते जागा करून घेतं. हल्लीच्या ट्रेलरमधल्या नळ्या पेक्स नावाच्या लवचीक प्लॅस्टिकच्या असतात, त्या थोडा ताण सोसतात. फुटतात ते सांधे, नळांच्या आतले भाग, संडासामागचा छोटा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह आणि पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणीची वाटी. फुटल्याचं कळतंही लगेच नाही. एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाणी सोडल्यावर भिंतीच्या आतून ते झिरपू लागतं आणि मग लाकूड फुगतं, जमीन मऊ होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा एका चिरेपायी अख्खं बाथरूम उचकटून पुन्हा बसवलेलं मी पाहिलं आहे.

म्हणून माझ्या मते हे सगळं काम एकाच प्रश्नाभोवती फिरतं: ट्रेलरमध्ये पाणी कुठे कुठे जातं? यादीवर खुणा करत गेलं की काम उरकतं, पण पाण्याची वाट डोळ्यांसमोर असेल तर एखादा कोपरा सुटत नाही. मी दरवर्षी टाकीपासून सुरुवात करते आणि मनातल्या मनात पाण्याबरोबर चालत जाते. टाकी, पंप, तिथून दोन फाटे, एक थंड पाण्याचा, दुसरा हीटरमधून जाऊन गरम पाण्याचा, मग स्वयंपाकघर, बेसिन, शॉवर, संडास, आणि बाहेरच्या बाजूला पाय धुवायला दिलेला छोटा शॉवर. हा शेवटचा लोक हमखास विसरतात, कारण तो बाहेरून एका झाकणामागे असतो आणि हंगामात एकदोनदाच वापरला जातो.

पहिलं काम घाण पाण्याचं. ट्रेलरला खाली दोन टाक्या असतात. संडासाची ती ब्लॅक टँक आणि बेसिन-शॉवरची ती ग्रे टँक. त्या फक्त डंप स्टेशनवरच, म्हणजे घाण पाणी सोडायला ठरवून दिलेल्या जागीच, रिकाम्या करायच्या, आणि इथं थंडी पडू लागली की डंप स्टेशनांचे नळ एकेक करून बंद होतात. बऱ्याच सरकारी उद्यानांत ऑक्टोबरच्या मध्यापासूनच पाणी तोडतात. त्यामुळे हंगामातली शेवटची सहल आम्ही अशी आखतो की परतीच्या वाटेवर चालू डंप स्टेशन लागलंच पाहिजे. आधी ब्लॅक टँक सोडायची, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. ब्लॅक टँक एकदा सोडून भागत नाही. पुन्हा अर्धी भरायची, सोडायची, आणि खालून निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचं. आत राहिलेला गाळ हिवाळ्यात वाळून तळाला दगडासारखा बसतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात टाकी किती भरली ते सांगणारे सेन्सर खोटं बोलू लागतात. हे काम कुणाला आवडत नाही, मलाही नाही, पण हातमोजे घालून ते मन लावून केलं की पुढचं सगळं स्वच्छ हातांनी करता येतं.

मग वॉटर हीटर. आमचा ६ गॅलनचा आहे, म्हणजे साधारण २३ लिटर. तो गॅसवरही चालतो आणि विजेवरही, तेव्हा दोन्ही बटणं आदल्या दिवशीच बंद करायची. गरम असताना किंवा आत दाब असताना त्याचं बूच कधीही उघडू नये, उकळतं पाणी थेट अंगावर येतं. पाणी निवलं की घरातला गरम पाण्याचा एखादा नळ उघडून दाब सोडायचा आणि मग बाहेरून, एक पूर्णांक एक सोळांश इंचाच्या पान्याने, खालचं बूच काढायचं. आमच्या हीटरची टाकी पोलादी आहे, त्यामुळे या बुचालाच एक लांब सळई जोडलेली असते. तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. ती मॅग्नेशियमची असते आणि टाकीचं पोलाद गंजण्याऐवजी पाणी आधी तिला खातं. बाहेर काढलेली सळई पाहिली की आतल्या लढाईचा अंदाज येतो. कुठे बोटभर जाड उरलेली, कुठे नुसती तार. तीन चतुर्थांश झिजली की नवी घालायची. यंदा आमची तितकी झिजली होती. काही हीटरांची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते, त्यांना अशी सळई नसते, साधं प्लॅस्टिकचं बूच असतं. आपला कोणता ते आधी पाहून घ्यावं.

सळई काढल्यावर पाणी धो धो येतं, पण तळाशी क्षारांचे पांढरे पापुद्रे उरतात. आमच्या भागातलं पाणी जड आहे, त्यामुळे हे पापुद्रे मूठभर निघतात. एक पातळ वाकडी नळी मिळते, ती बागेच्या पाइपाला लावून बुचाच्या भोकातून आत घालायची आणि सगळीकडे फवारा मारायचा. मला हे काम फार आवडतं. वर्षभर ज्याने निमूट पाणी तापवलं त्याच्या पोटातला कचरा आपल्या डोळ्यांदेखत बाहेर पडतो. नंतर विजेच्या बटणावर मी जाड टेप लावून टाकते. रिकामा हीटर चुकून विजेवर सुरू झाला तर आतला एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कांडी, काही क्षणांत जळतो, आणि वसंतात घाईने बटणं दाबणारे हात घरात पुष्कळ असतात.

त्यानंतर ट्रेलरच्या पोटाखाली सरपटत जायचं. तिथे दोन आखूड नळ्या लोंबत असतात, एक गरम पाण्याची, एक थंड. सगळ्या वाटांचा तो सर्वांत खालचा बिंदू. त्यांची बुचं काढली आणि घरातले सगळे नळ उघडे ठेवले की बरंच पाणी आपसूक निघून जातं. पिण्याच्या टाकीचा खालचा नळही सोडायचा. पंप काही सेकंद चालवून त्याच्या पोटातलं उरलंसुरलं पाणी ढकलून द्यायचं. इथवर आल्यावर पुष्कळांना वाटतं, झालं. पण अजून नळ्यांच्या वळणांत, बसक्या जागी, नळांच्या आत पाणी तसंच बसलेलं असतं.

इथे इथल्या लोकांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, कॉम्प्रेसरने हवा मारून नळ्या कोरड्या करा. दुसरा म्हणतो, हवेवर विश्वास नको, गुलाबी अँटीफ्रीझ भरा. आमच्या समोरच्या घरातले आजोबा गेली कित्येक वर्षं फक्त हवा मारतात आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही. तरीही मी दोन्ही करते, आणि पहिल्यांदा ट्रेलर घेणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. हवेने पाण्याचा मोठा भाग निघून जातो, म्हणून अँटीफ्रीझ पातळ होत नाही आणि कमी लागतं. अँटीफ्रीझमुळे हवेला न जुमानलेलं पाणीही निरुपद्रवी होतं. दोन-तीन गॅलनची किंमत बाथरूमच्या एका नळापेक्षाही कमी आहे.

हवा मारताना एकच पथ्य, पण ते कडक पाळायचं. कॉम्प्रेसरवरचा दाब ४० पीएसआयच्या वर जाऊ द्यायचा नाही. घरगुती कॉम्प्रेसर शंभराच्या वर सहज जातो, आणि ज्या सांध्यांना थंडीपासून वाचवायचं तेच आपण हवेने फोडून बसू. बाहेर जिथे बागेचा पाइप जोडतो तिथे एक छोटं जोडणीचं बूच लागतं. नवरा बाहेर कॉम्प्रेसरपाशी, मी आत. एका वेळी एकच नळ उघडायचा. आधी फसफसत पाणी, मग थेंब, मग नुसता वाऱ्याचा आवाज. थंड, गरम, पुढचा नळ. संडासाचा पायटा दाबून धरायचा. हाताने धरायच्या शॉवरची नळी खाली लोंबती ठेवायची, नाहीतर तिच्या वळणात पाणी अडतं. “झालं का?” “थांब, अजून थेंब येतायत!” असा आमचा आरडाओरडा चालतो.

अँटीफ्रीझ घेताना डब्यावरची अक्षरं वाचणं फार महत्त्वाचं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते बहुधा इथिलिन ग्लायकॉलचं असतं आणि ते विष आहे. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत ते कधीही जाता कामा नये. आपल्याला हवं ते प्रोपिलिन ग्लायकॉलचं, आरव्हीसाठीचं, म्हणजे अशा राहण्याच्या गाड्या-ट्रेलरांसाठीचं, गुलाबी. यातही एक स्वस्त प्रकार इथेनॉल मिसळलेला मिळतो. तो ज्वालाग्राही असतो आणि रबराची सीलं सुकवतो असा अनुभव असल्याने मी तो घेत नाही. डब्यावर उणे ५० असा आकडा असतो, आणि त्यावरून पुष्कळ गैरसमज होतात. उणे ५० फॅरनहाइटपर्यंत हे द्रव पाण्यासारखं पातळ राहील असा त्याचा अर्थ नाही. ते त्याच्या कितीतरी आधी बर्फाच्या गोळ्यासारखं लगदा होतं. पण तो लगदा नळी फोडेल इतक्या जोराने फुगत नाही, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. म्हणूनच त्यात पाणी मिसळून ते पुरवायचा मोह टाळायचा.

भरण्याआधी हीटरचा बायपास फिरवायचा. हीटरच्या मागे, आमच्याकडे पलंगाखालची फळी उचलल्यावर, तीन छोटे व्हॉल्व्ह आहेत. ते फिरवले की पाणी हीटरला वगळून पुढे जातं. नाही फिरवले तर ६ गॅलन अँटीफ्रीझ आधी हीटरच्या पोटात जाईल. मग पंपाशेजारची आखूड नळी डब्यात बुडवायची आणि पंप सुरू करायचा. सर्वांत लांबचा नळ आधी. उघडल्यावर थोडी हवा, थोडं पाणी, आणि मग अचानक गडद गुलाबी धार. प्रत्येक नळातून, थंड आणि गरम दोन्हीकडून, असा रंग दिसला पाहिजे. स्वयंपाकघरातला ओढून काढायचा फवारा, संडास, शॉवर, बाहेरचा शॉवर, सगळं. शेवटी बाहेरच्या पाइप-जोडणीच्या तोंडातली जाळी काढून आतला बारीक झडप-खिळा पेनाच्या टोकाने दाबायचा. तिथूनही गुलाबी चिळकांडी आली की समजायचं, आत शेवटच्या टोकापर्यंत पोचलो. हे करण्याआधी पंप बंद करून दाब उतरवायचा, नाहीतर चिळकांडी तोंडावर येते.

नळांच्या खाली, मोरीतही पाणी असतं. बेसिनखालची वळणदार नळी, जिच्यात मुद्दाम पाणी साठवून दुर्गंध अडवतात, तिच्यात आणि शॉवरच्या मोरीत कपभर अँटीफ्रीझ ओतायचं. संडासाच्या भांड्यात थोडं ठेवायचं, म्हणजे तळाचं रबर सुकत नाही. दोन्ही टाक्यांतही थोडं थोडं सोडायचं, कारण टाकीच्या सरकत्या झडपेपाशी राहिलेलं पाणी गोठलं तर झडप चिकटते आणि ओढली की मोडते.

रत्नागिरीला मी मे अखेरीस मिरकरवाड्याकडे लहान होड्या किनाऱ्यावर ओढून घेताना पाहत मोठी झाले. इंजिन उतरवून घरी, जाळी वाळवून माळ्यावर, आणि होडी झापांनी शाकारून ठेवलेली, थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. त्या माणसांना कुणी यादी दिलेली नव्हती. पाऊस कुठून शिरेल, वाळवी कुठून लागेल हे त्यांना होडीच्या फळीफळीवरून ठाऊक होतं. पलंगाखाली डोकं घालून व्हॉल्व्ह फिरवताना मला ते नेहमी आठवतं, आणि परक्या देशातलं हे काम एकदम ओळखीचं होऊन जातं.

पाण्यानंतरचा शत्रू उंदीर. इथल्या शेतांतले छोटे उंदीर जेमतेम पाव इंचाच्या फटीतून आत येतात, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर. पेन्सिल शिरली की उंदीर शिरला असं धरून चालावं. आत आले की गादीचा कापूस, तारांवरचं आवरण, काहीही कुरतडतात. फटी शोधायची माझी पद्धत सोपी आहे. अंधार पडल्यावर आत प्रखर दिवे लावायचे आणि आपण बाहेर, ट्रेलरखाली, आडवं होऊन बघायचं. जिथून उजेड गळतो तिथून उंदीर येणार. नळ्या जमिनीतून खाली जातात ती भोकं, विजेची जाडी तार आत घ्यायची छोटी खिडकी, स्लाइड-आउटचे कोपरे, ही त्यांची नेहमीची दारं. तिथे तांब्याची जाळी कोंबायची. लोखंडी काथ्याही चालतो, पण तो गंजतो आणि डाग पाडतो. नुसता फोम भरून काही होत नाही, तो ते खातात. डांबराच्या गोळ्या आणि कपड्यांच्या ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी चकत्या लोक ठेवतात. मला त्याचा काही उपयोग दिसला नाही, वास मात्र मेपर्यंत गाद्यांतून जात नाही. विषही मी ठेवत नाही. विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या आत मरतो, नाहीतर घुबडाच्या पोटात जातो. साधे स्प्रिंगचे सापळे बरे.

आणि मुळात त्यांना यावंसं वाटेल असं आत काही ठेवायचं नाही. आमच्यासारख्या घरात हे काम मोठं असतं. मसाल्याचा डबा, तांदूळ, भाजणी, शेंगदाणे, चिवड्याचं अर्धं पाकीट, चहाची पूड. सोफ्याच्या फटीत पडलेली फरसाणाची शेव काढायला व्हॅक्यूमचं चिंचोळं तोंड लागतं. थंडीने फुटणारं तेही बाहेर: पाण्याच्या बाटल्या, सोड्याचे डबे, शाम्पू, औषधं. मुलीने यंदा पलंगाच्या खणातून रंगाच्या बाटल्या काढल्या, मला त्यांचा पत्ताच नव्हता. गाद्या कडेवर उभ्या, सगळी कपाटं उघडी, म्हणजे हवा खेळते. फ्रिज आतून सोडा घातलेल्या पाण्याने पुसून कोरडा केला आणि दारात टॉवेलची घडी अडकवून ते उघडं ठेवलं. बंद फ्रिजमध्ये दोन आठवड्यांत काळी बुरशी येते आणि तो वास रबरातून कधीच पूर्ण जात नाही.

उंदरांबद्दल आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. वसंतात उघडल्यावर लेंड्या दिसल्या तर झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवायचा नाही. इथल्या डिअर माउस जातीच्या उंदरांतून हांताव्हायरस पसरू शकतो, आणि कोरडी धूळ उडून श्वासात जाणं हाच त्याचा मुख्य मार्ग. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास हवा येऊ द्यायची, हातमोजे घालायचे, ब्लीचच्या पाण्याने सगळं चिंब भिजवायचं, काही मिनिटं थांबायचं आणि मग कागदाने टिपून उचलायचं.

बॅटरीचं काम छोटं, पण चुकलं तर महागाचं. आमची साधी लेड-अ‍ॅसिड आहे. पूर्ण भरलेली असेल तर मिनेसोटाच्या थंडीतही ती गोठत नाही. उतरलेली मात्र उणे सातआठ सेल्सियसलाच गोठते आणि तिचं कवच तडकतं. आणि ट्रेलरमध्ये सगळे दिवे बंद केले तरी गॅसगळती सांगणारा डिटेक्टर, रेडिओची घड्याळं अशा गोष्टी गुपचूप वीज पीत राहतात. म्हणून बॅटरी काढायचीच. आधी ऋण टोकाची तार सोडायची, मग धन. आमची घरच्या तळघरात छोट्या स्वयंचलित चार्जरवर बसली आहे, भरली की तो स्वतःच थांबतो. छतावरचं सोलर पॅनल हे काम करेल अशी आशा काही लोक ठेवतात, पण बर्फाखाली गेलेलं पॅनल काय देणार? लिथियम बॅटरी असणाऱ्यांनी वेगळं पाहायचं: ती साधारण अर्धी भरलेली ठेवावी आणि शून्य सेल्सियसच्या खाली चार्ज करू नये.

गॅसचे दोन सिलिंडर, २० पौंडी, व्हॉल्व्ह बंद करून बाहेरच त्यांच्या जागी. ते घरात किंवा गॅरेजमध्ये आणायचे नाहीत.

छताचं काम खरं तर सप्टेंबरातच व्हायला हवं, कारण सांधे बुजवायचं सीलंट थंडीत नीट पसरत नाही आणि सुकतही नाही. आमचं छत रबराचं आहे. मी गुडघ्यांवर रांगत प्रत्येक खिडकी, पंख्याची झाकणं, अँटेना यांच्या कडेची पट्टी बोटाने दाबून पाहते. केसाएवढी चीर दिसली तरी तिथे रबराच्या छतासाठीचं आपसूक पसरणारं सीलंट घालते. सिलिकॉन नाही, ते त्या रबराला धरत नाही आणि नंतर काही केल्या निघतही नाही. बर्फाचं पाणी दिवसा वितळून चिरेत शिरतं, रात्री गोठून ती रुंदावतं, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. पहिली काही वर्षं आम्ही ट्रेलर उघड्यावर ठेवायचो तेव्हा त्यावर हवा जाऊ देणाऱ्या कापडाचं आवरण घालायचो. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नये, हे मी ठामपणे सांगते. आत दमट हवा कोंडते आणि वाऱ्याने फडफडून ती रंग घासून काढते.

आता आम्ही एका शेतकऱ्याच्या मोठ्या पत्र्याच्या कोठारात जागा घेतो. इथे पुष्कळ शेतकरी पीक निघाल्यावर रिकामी कोठारं बोटींना आणि ट्रेलरांना भाड्याने देतात. ऊब नसते, पण छप्पर असतं. एकदा आत गेलं की पुढे-मागे बोटी लागतात, त्यामुळे एप्रिलपर्यंत बाहेर काढता येत नाही. विसरलेली वस्तू आणायला जाणंही अवघड. ऊन आणि बर्फ दोन्हींपासून सुटका होते, उंदीर मात्र कोठारात जास्त. मला हा व्यवहार पटतो, कारण उंदरांना फटी बुजवून अडवता येतं, उन्हाने तडकलेलं रबर परत येत नाही.

कोठारात चाकांखाली फळ्या घातल्या, टायरांत कडेवर छापलेल्या कमाल दाबाइतकी हवा भरली आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले. टायरावर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते मी वहीत टिपून ठेवलं. ट्रेलरचे टायर नक्षी झिजण्याआधीच वयाने जातात, आणि आमच्यांना सहावं वर्ष लागलं आहे, म्हणजे मेमध्ये नवे. स्लाइड-आउट आत, त्याच्या रबरांना मलम चोळून. गाडीला जोडायच्या हिचला कुलूप.

घरी येऊन विमा कंपनीला फोन केला. उभ्या ट्रेलरसाठी रस्त्यावरच्या टकरीचा भाग काही महिने स्थगित करता येतो, चोरी, आग आणि वादळाचा तेवढा चालू ठेवायचा. किती दिवसांसाठी ते लेखी मागून घेतलं.

आणि शेवटी एक कागद. ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला तो चिकटवला आहे. हीटर रिकामा आहे, अ‍ॅनोड रॉड नवा बसवला आहे, बायपास फिरवलेला आहे, पोटाखालची बुचं लावली आहेत, तांब्याची जाळी कुठे कुठे कोंबली आहे, सापळे कुठे आहेत. वसंतात आधी साध्या पाण्याने गुलाबी रंग जाईपर्यंत सगळे नळ वाहू द्यायचे, मग बायपास परत फिरवून हीटर भरायचा. त्यानंतर दर १५ गॅलन पाण्याला पाव कप साधं, बिनसुगंधी ब्लीच घालून ते सगळ्या नळांपर्यंत आणायचं, काही तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. गरम पाण्याच्या नळातून सलग धार येत नाही तोवर हीटरच्या बटणावरची टेप काढायची नाही. ही ओळ मी लाल शाईने लिहिली.

मुलगी तो कागद वाचत उभी होती. म्हणाली, “आई, तुम्ही यायच्या आधीच मी मैत्रिणींना घेऊन एप्रिलमध्ये नेला तर चालेल?”

“ने की,” मी म्हटलं. “पण रात्रीचा पारा ३२ फॅरनहाइटच्या खाली जाणं थांबेपर्यंत आत पाणी भरू नकोस. तोवर कॅनमधलं पाणी वापरा. आणि बॅटरी जोडताना आधी धन, मग ऋण.”

तिने खिशातून पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी तेही लिहून टाकलं.